ताबा मिळाला

माझी घरमालकीण मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं माझी झडती घेतली. भाडं किती, पाणी कधी येतं, हे सगळं नंतर. आधी ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली, स्वतः उकिडवी बसली आणि एकेक साडी झटकून बाजूला ठेवू लागली. तळाशी आईनं दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. ती तिनं नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि "जमा" म्हणून आपल्या फडताळात ठेवून दिली.

"जाताना परत मिळंल," म्हणाली. "आता घे खोलीचा ताबा."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. शाळेत नुकतीच लागलेली, आणि घरमालक लोक असेच असतात अशी माझी समजूत झाली. चार वर्षांनी माझी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली तेव्हा तिनं खरोखरच बरणी परत दिली. धुतलेली, पुसलेली, आत हात घातला तर हाताला मीठसुद्धा लागू नये इतकी लख्ख. लोणच्याचं विचारलं तर शांतपणे म्हणाली, "जमा बरनी केली व्हती. लोनच्याचं नाव तरी काडलं का मी?"

बाईचा सगळा स्वभाव या एका बरणीत आला. जे कागदावर आहे ते आहे, जे नाही ते नाही. गंमत म्हणजे तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

सारं गाव तिला जेलरीण म्हणायचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. शहापूरवाल्यांनी हे वाचलं तर ते मुरबाडचं समजतील, मुरबाडवाले शहापूरचं समजतील, आणि दोघंही खूश राहतील. कचेरीच्या मागं एक जुनं दगडी जेल होतं. पुरुषांच्या तीन कोठड्या आणि बायकांची एक. खरे दरोडेखोर वगैरे ठाण्याला जायचे. इथं यायचे ते दारू गाळणारे, बांधावरून भावाचं डोकं फोडणारे, मोर्चात घोषणा देणारे. बाई क्वचितच यायची. आली की मात्र तिच्यासोबत आत बाईमाणूस पाहिजे, असा नियम. तेवढ्यासाठी कायम माणूस कोण ठेवणार? म्हणून जेलवरच्या एका वारलेल्या पहारेकऱ्याच्या बायकोला रोजावर बोलवायचे. ती ही. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून शिपाई ओरडायचा, "जेलरीणबाई, आली." की ही हातातलं काम टाकून निघालीच.

सरकारनं तिला गणवेश दिलेला नव्हता. तो तिनं स्वतःच करून घेतला होता, म्हणजे नऊवारीवर खाकी ब्लाउज. नवऱ्याच्या जुन्या पँटीतून बेतलेला, त्यामुळे पाठीवर एक खिसा होता. त्या खिशात काय ठेवता, असं मी एकदा विचारलं. "हात पोचंल तवा ठेवीन," म्हणाली.

पण जेलरीण म्हणून तिचा रुबाब होता असं कुणाला वाटेल तर ते खोटं. कोठडीला कुलूप बाहेरून, किल्ली बाहेरच्या पहारेकऱ्याकडे. म्हणजे कैदी आणि जेलरीण दोघी आतच. कैदीण तीन दिवसांत सुटायची, पुढच्या महिन्यात दुसरी यायची, ही पुन्हा आत. "त्या बाया येकदोनदा आत गेल्या," ती सांगायची. "मी कायपन केलं नाय तरी ईस वर्सं आत-भायेर करते." हे सांगताना तिला फार अभिमान वाटायचा, आणि तो कसला ते मला कधी कळलं नाही.

आत गेलेल्या बाईला ती रडू द्यायची नाही. रडायला वेळच ठेवायची नाही. घरून तांदळाची परडी न्यायची आणि निवडायला बसवायची. आमच्या घरचे तांदूळ, डाळी, मिरच्या, वर्षाचे पापड, सगळं जेलमध्ये व्हायचं. मी चार वर्षं जे पापड खाल्ले ते कुणाकुणाच्या हातचे होते हे आता आठवून बघते. त्यात एक नवऱ्याला कोयत्यानं मारलेलीही होती. तिचे पापड सगळ्यात पातळ.

कचेरीत रोज तक्ता भरायचे. महिला कैदी या रकान्यात बहुतेक दिवशी एकच शब्द असायचा, "निरंक". कारकून तो मोठ्यानं वाचायचा आणि मग ही घरी जायला मोकळी. त्यामुळे निरंक म्हणजे झकास, सगळं मार्गी लागलं, असा तिचा समज होता. आभाळ उघडलं की निरंक. पोट साफ झालं की निरंक. मी जेवताना भाजी टाकली की म्हणायची, "मास्तरीण, ताट निरंक कर." मी निरंक म्हणजे "काहीच नाही" असा अर्थ समजावून सांगितला, फळ्यावर लिहून दाखवावा तसा. तिनं ऐकून घेतलं. "मंग त्येच म्हनते ना मी," म्हणाली.

आणखी एक खोड होती, आणि ती गावाला सहन व्हायची नाही. आपण निघताना "येते" म्हणतो. "जाते" म्हणणं अभद्र. हिच्याकडे उलट. सुटलेल्या बाईनं सवयीनं "येते" म्हटलं की हिचा पारा चढायचा. "येतेस कुठं? जाते म्हन." आणि स्वतः ती कुणालाही, अगदी कुणालाही, "ये" किंवा "या" म्हणायची नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या बायकांकडेसुद्धा ती दारात उभी राहून नुसतं बघायची. बायका चिडायच्या. मी रोज शाळेला निघताना "जाते" म्हणायला शिकले. सुट्टीत घरी गेले तेव्हा तोंडातून तेच गेलं आणि आईनं मला पुन्हा आत बोलावून, देवापुढे बसवून, मग पाठवलं.

त्या चार वर्षांतला एक प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. वैशाखऱ्याच्या बाजूची भागी नावाची एक शेतकरीण आत आली. घराच्या माळ्यावर सागाचे दोन वासे सापडले होते. नवऱ्यानं सरकारी जंगलातून तोडलेले. नवरा पळाला, ही घरात होती म्हणून हिला आणलं. आणि हिच्या काखेत सहा महिन्यांची पोर.

जेलरीण दारातच अडली. "बाईचा कागद हाय. पोरीचा कुटं हाय?"

कारकुनानं सांगितलं, पोरगी काही कैदी नाही, आईबरोबर आली आहे, तिला कुठल्या रकान्यात घालू?

"मंग ती कुनाच्या ताब्यात? उद्या पोरीला कायी झालं, तर म्हनाल जेलरीणबाय, तुला पोर दिलीच नव्हती आमी."

कारकून हसला. ही हसली नाही. तडक घरी आली, मला वहीचं पान फाडायला लावलं आणि उभ्याउभ्या सांगू लागली. मी लिहिलं: "एक मुलगी. वय अंदाजे सहा महिने. अंगात पिवळं झबलं, मनगटात काळे मणी. ताबा मिळाला." खाली तिनं अंगठा उठवला. त्याच्याखाली "ताबा दिला" असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवायला लावली. कागद पाठीवरच्या खिशात गेला. त्या खिशाचा उपयोग झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हात पोचत नव्हता म्हणून मीच तो आत सरकवला.

भागी अकरा दिवस आत होती. त्या अकरा दिवसांत आमच्या घरचं काही निवडलं गेलं नाही. मी डबा घेऊन जायची तेव्हा जेलरीण पोरीला मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि भागी कोपऱ्यात गाढ झोपलेली. पोरीला वरचं दूध कुठून द्यायचं हे नियमात बसेना तेव्हा त्याच कारकुनानं घरून तांब्या आणायला सुरुवात केली. जेलरिणीला स्वतःचं मूल नव्हतं. हे मी उगाच शेवटी सांगत बसत नाही, आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं त्यावरून कुणी डोळे पुसायला नको.

बाराव्या दिवशी भागीचा जामीन झाला. तिच्या सुटकेचे कागद झाले आणि आमची जेलरीण आपला कागद पाठीवरून काढायला मलाच शोधत राहिली. तेवढ्यात मुरबाडची एस.टी. लागली, भागीनं पोर उचलली आणि पळाली. सुटलेलं माणूस कागदाला थांबत नाही. जेलरीण स्टँडपर्यंत मागं धावली, पण गाडी गेली होती.

"पोर माज्या ताब्यात ऱ्हायली," ती घरी येऊन म्हणाली. मला वाटलं चेष्टा करते आहे. तिनं तो कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला.

पुढं दरवर्षी म्हसोबाच्या जत्रेत भागी भेटायची. ही लांबूनच हाक मारायची, "भागे, पोर अजून माज्या ताब्यात हाय बरं." सुरुवातीला भागी हसायची. मग पोरगी मोठी झाली, सुगंधा तिचं नाव, शाळेत जायला लागली, आणि भागी हसण्याआधी इकडेतिकडे बघायला लागली. पोरीला काही सांगितलेलं नव्हतं.

मधल्या काळात जेल बंद पडलं. कैदी कल्याणला जायला लागले. बरीच वर्षं आत बकऱ्या बसायच्या, आणि जेलरीण येता-जाता त्या मोजायची. मग दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी दगडी भिंती पाडल्या आणि काचेची इमारत उभी राहिली. बाहेर कारंजं, आत थंडगार हवा, लाल खुर्च्या आणि दारात टाय लावलेला मॅनेजर. पाटीवर लिहिलं होतं, "अत्याधुनिक कन्व्हेन्शन सेंटर". गावाला हा शब्द पेलला नाही. कुणी कनवेशन म्हणायचं, कुणी नुसतं सेंटर. जेलरीण "कन्या सेंटर" म्हणायची. "बायांची कोठडी व्हती म्हनून कन्या," असं तिनं मला समजावलं. बाकी लोक सरळ जेलच म्हणत राहिले. "रविवारी जेलात साखरपुडा हाय, समद्यांनी या," असं आमंत्रण मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

सेंटर झालं आणि म्हातारपणी जेलरिणीला काम मिळालं. कुणी दिलं नव्हतं, तिनं घेतलं. तिथं कुठलाही कार्यक्रम असो, डॉक्टरांची परिषद, खतविक्रेत्यांचा मेळावा, विम्याच्या एजंटांचं शिबिर, ही स्वच्छ लुगडं आणि तो खाकी ब्लाउज घालून हजर. पाहुण्यांना एकेक जागा दाखवायची. "ह्ये स्टेज हाय ना, हितं तीन नंबर कोठडी. तुमी बसलाव ती मोरी." मोरीवर बसलेला कान-नाक-घशाचा डॉक्टर उठून उभा राहायचा. एकदा कुणी प्रमुख पाहुणे म्हणाले, या वास्तूत पाऊल टाकताच मन प्रसन्न झालं. त्यावर ही शेजारणीला म्हणाली, "पयल्या दिवशी समद्यांना तसंच वाटतं. रडारड दुसऱ्या दिवशी." शेजारीण फिसकन हसली आणि मागच्या चार रांगा हसल्या. मॅनेजरनं तिला बंदी केली. ती स्वयंपाकघराच्या दारानं यायला लागली. शेवटी त्यानंच तिला कोपऱ्यात एक खुर्ची दिली, निदान फिरणार तरी नाही म्हणून.

आणि त्याच सेंटरात सुगंधाचं लग्न ठरलं.

स्थळ कल्याणच्या बाजूचं, तालेवार शेतकऱ्याचं. मुलगा नोकरीला, घर नाकासमोर चालणारं, आणि सासू अशी की मुलीच्या सात पिढ्यांची चौकशी करून मग होकार दिलेला. हॉल त्यांनीच पसंत केला. भिवंडीपासून शोधत आले होते, कारंजं बघून भुलले. भागीला कळलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्या दिवशी जेलरिणीकडे सहज म्हणून गेले होते. भागी नारळ घेऊन आली, नारळ पुढ्यात ठेवला आणि बसूनच राहिली.

"बाय, तुला न बोलावून कसं चालंल," ती म्हणाली. "पन त्या दिशी बोलू नको. जेल नको म्हनू, कोठडी नको म्हनू. त्यांना कळलं तर सोयरीक मोडंल. पोरीचं वाटोळं व्हईल गो."

जेलरिणीनं नारळ हलवून बघितला. "नाय बोलनार," म्हणाली.

भागी माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? त्या बाईचं तोंड वीस वर्षांत कुणाला बंद करता आलं नव्हतं. खुद्द सरकार तिला दर महिन्याला कुलूप लावून थकलं होतं.

लग्नाच्या दिवशी मी तिला सोबत करायची असं ठरलं. सोबत म्हणजे पहारा. ती खाकी ब्लाउज घालूनच निघाली. बदला म्हटलं तर म्हणाली, "बोलू नको म्हनली भागी. नेसू नको नाय म्हनली." आम्ही जाऊन नवरीच्या खोलीत बसलो. गुळगुळीत आरसा, दिव्यांची माळ, गार हवा. बायकांची कोठडी बरोबर तिथंच होती. खोलीत आम्ही दोघी आणि भागी, सुगंधा फोटोला बाहेर गेलेली. भागीनं आरशाखालच्या फरशीकडे बघितलं. हळूच विचारलं, "बाय, हीच ना गो जागा? मी हितंच निजायची ना?"

जेलरीण तिच्याकडे परक्यासारखी बघत राहिली. "कोनती जागा? मला नाय बा ठावं."

भागी जरा हसली, मग रडली. मला वाटलं निभावलं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, जेलरिणीनं ताट निरंक केलं. आणि मग सासूबाई स्वतः तिच्या शेजारी येऊन बसल्या. अंगावर सोनं, तोंडात विडा, मन अगदी प्रसन्न.

"काय जागा हाय हो," सासूबाई म्हणाल्या. "पयले काय व्हतं हितं?"

सेंटर झाल्यापासून ही बाई न विचारता हेच सांगत फिरत होती. आज पहिल्यांदा कुणीतरी आपणहोऊन विचारलं. भागीच्या हातात वाढायला जिलबी होती, ती तशीच राहिली. जेलरिणीनं हात धुतले, पदराला पुसले.

"वसतिगृह व्हतं," ती म्हणाली.

"अगो बाय. कुनाचं?"

"सरकारी. ऱ्हानं, खानं, समदं फुकाट."

"बायापन ऱ्हायच्या?"

"कवातरी. पन येकटी नाय ठेवायचे. सोबतीला बाईमानूस. येळेवर जेवन, येळेवर निजनं. शिस्त लय."

सासूबाईंनी मान डोलावली. "असं पायजेल. आमच्या धाकट्याला मी असंच कायतरी बगतेय."

मी तोंडाला रुमाल लावून बाहेर कारंज्यापाशी जाऊन आले. परत आले तर पाठवणीची गडबड सुरू झाली होती. गाडी फुलांनी सजवून दाराशी लागलेली, बायका डोळे पुसत उभ्या, आणि त्यांच्या मधोमध जेलरीण पाठ वळवून मला म्हणत होती, "मास्तरीण, काड."

खिशात काय आहे ते मला माहीत होतं. भागीलाही कळलं. ती पदर सावरत पुढं झाली. मी "मावशी, राहू द्या" म्हटलं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेला मी चार वर्षं भाडेकरू म्हणून भ्यायले होते. कागद काढला. पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. अक्षर माझं, बावीस वर्षांच्या वयातलं, फार गोल.

जेलरिणीनं तो सासूबाईंच्या हातात दिला. "हितं लिवा. पोर मिळाली म्हनून."

सासूबाई एकेक अक्षर लावून वाचू लागल्या. एक मुलगी. सहा महिने. पिवळं झबलं. कागदावर जेलचं नाव कुठंच नाही हे मला त्या क्षणी आठवलं.

"ह्ये काय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"पद्धत हाय आमच्याकडं," जेलरीण म्हणाली. "पोर आली तवा अंगावर काय व्हतं त्ये लिवून ठेवायचं. जाते तवा काय हाय त्ये लिवायचं. म्हंजे उद्या कुनी म्हनाय नको, आमाला पोर दिलीच नव्हती."

सासूबाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग त्यांचे डोळे भरले. "आमच्याकडं अशी पद्धत नाय," त्या म्हणाल्या. "पन चांगली हाय. लिवा बाई तुमी, मी सांगते." नवऱ्या मुलानं खिशातलं पेन दिलं. त्या सांगत गेल्या आणि मी माझ्याच जुन्या अक्षराखाली लिहिलं: "हिरवा शालू, हातभर चुडा, गळ्यात मंगळसूत्र. मुलगी धडधाकट. ताबा मिळाला." सासूबाईंनी खाली ठसठशीत सही केली. मागच्या दोन बायका आपापल्या लेकींच्या लग्नात हे करायचं म्हणून बोलायला लागल्या.

भागी आईच्या गळ्यात पडावं तशी जेलरिणीच्या गळ्यात पडली. जेलरिणीनं तिला थोपटलं आणि कागदाला सुरकुती पडेल म्हणून बाजूला केलं.

सुगंधा पाया पडायला वाकली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आईची कुणी जुनी ओळखीची म्हातारी, एवढंच. उठताना म्हणाली, "येते, आजी."

ताबा वगैरे ठीक, पण आता ही भर पाठवणीत नव्या नवरीला "येते नको, जाते म्हन" म्हणणार आणि सगळं वऱ्हाड ते ऐकणार. मी तिचा हात धरायला पुढं झाले.

जेलरिणीनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. "ये गो बाय," म्हणाली.

गाडी गेल्यावर आम्ही दोघी चालत घरी निघालो. मला राहवेना. इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला "ये" म्हटलं नाही, मलासुद्धा नाही, मग आज कसं म्हटलंत, असं मी विचारलं.

ती रस्त्यातच थांबली. मी अजून पहिलीतच असल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं.

"ती कुटं कैदी व्हती? कागद तूच लिवलास ना? काय लिवलंस? येक मुलगी."